लातूरच्या रांगेत दोन अर्ज

नांदेडला सकाळी सात वाजता उतरले तेव्हा फलाटावर पंजाबहून आलेले यात्रेकरू ब्लँकेटं गुंडाळत होते. त्यांना न्यायला गुरुद्वाऱ्याची बस आली होती. मला न्यायला कोणी दिसेना. बॅग ओढत बाहेर आले, तर दादा जीपच्या स्टेअरिंगवर बसलेला. गाडी सुरूच होती.

"बंद केली तर परत चालू होत नाही," तो म्हणाला. "बस पटकन."

तीन वर्षांनी भेटत होतो आम्ही. केस पांढरे झालेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि रक्तातली साखर किती ते विचारलं की विषय बदलतो.

वाचकांना आधी कारण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, कॅथलिक धर्मगुरू. आम्ही वसईचे. लोह्याजवळच्या एका खेड्यात तो एकतीस वर्षं आहे. तिथे छोटं चर्च आहे आणि मुलांचं वसतिगृह. पाच वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून फोनवर तो म्हणतो, आता येतो घरी. पण धर्मगुरूला आपल्या बिशपच्या सहीशिवाय धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला मुलूख) सोडता येत नाही. त्यांचे बिशप वारले आणि जागा रिकामी राहिली. हंगामी कारभार पाहणाऱ्या फादरांनी मोठे निर्णय घ्यायचे नसतात. त्यामुळे सोळा महिने मी एकच वाक्य ऐकत होते, "नवे बिशप आले की बघू."

आता नवे बिशप नेमले गेले होते. त्यांचा दीक्षाविधी लातूरला होता. मी नगरपालिकेच्या कार्यालयात नोकरी करते, लोकांचे अर्ज वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. अर्ज कसा लिहावा हे मला कळतं. दादाची तब्येत, डॉक्टरांचे कागद, वसईच्या घरातली त्याच्यासाठी ठेवलेली खोली, सगळं एका पानात बसवून, दोन प्रती करून मी आणल्या होत्या. दादाला सांगितलं तेव्हा तो फोनवर "बरं" म्हणाला होता.

नांदेडमध्ये एका टपरीवर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) खाल्ला. वर कच्चा कांदा, शेव आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरची. दादाने साखर घातलेला चहा मागवला. मी तो बदलून बिनसाखरेचा केला.

लोह्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चालली होती. काळी जमीन, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा आणि वाळलेल्या तुरीचे भारे. समुद्राजवळ वाढलेल्या माणसाला हे सगळं फार उघडं वाटतं. क्षितिजाला अडवायला काही नाही. दादा मात्र एका हाताने जीप चालवत दुसऱ्याने शेतं दाखवत होता. ही कुणाची, त्याचा मुलगा कुठे शिकला, या विहिरीला पाणी कधी लागलं. मी वसईची बातमी सांगायला लागले की तो "हो का" म्हणायचा.

गावात पोचलो तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारात गयाबाई उभ्या. त्या तिथल्या स्वयंपाकीण. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाल्या,

"आलाव का? फादरला घिऊन जायला आलाव म्हणं."

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

"या की मग, जेवा आधी. रिकाम्या पोटी कुणाला उचलून नेऊ नई."

येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची), ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या पानाकडे बघत गयाबाई म्हणाल्या, "तिकडं मासे खातेत न्हवं रोज? फादर आधी रोज माशाची आठवण काढायचे. आता न्हाई काढत."

मला ते बोलणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला निघालो. जीपमध्ये पुढे दादा आणि मी. मागे गयाबाई, त्यांचं धपाट्यांचं गाठोडं आणि माणिकराव. माणिकराव म्हणजे गावचे माजी सरपंच. ते ख्रिस्ती नाहीत. पण फादरचा मोठा साहेब येणार आणि गावाच्या वतीने कोणी जाणार नाही, हे त्यांना पटलं नव्हतं. कांजीचं कडक धोतर, बगलेत प्लास्टिकची फाइल.

अहमदपूरच्या पुढे त्यांनी विचारलं, "फादर, ह्यो बिशप निवडून येतोय का नेमून?"

"नेमून," दादा म्हणाला. "पण पहिल्या काही शतकांत लोकच निवडायचे. गावातले धर्मगुरू आणि लोक एकत्र जमायचे, नाव ठरवायचे. मग शेजारचे बिशप, निदान तीन, येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. एका शहरात तर भांडण मिटवायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यालाच लोकांनी ओरडून बिशप केलं. त्या बिचाऱ्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता."

"त्यानं न्हाई म्हनलं न्हाई?"

"म्हणाला. पळूनसुद्धा गेला. लोकांनी आणला परत."

"बराबर केलं," गयाबाई मागून म्हणाल्या.

"पुढे राजेलोक मध्ये पडले. जमीन आमची, बिशप आमचा. बिशपपदाची अंगठी आणि काठी स्वतःच्या हातानं द्यायला लागले. त्यावरून पोप आणि राजे पिढ्यान्‌पिढ्या भांडले. आपल्याकडे तर पोर्तुगालचा राजा नावं पाठवायचा. आता पोपचा दिल्लीतला प्रतिनिधी गुपचूप चौकशी करतो, काही लोकांना प्रश्नांचे कागद पाठवतो, तीन नावं रोमला जातात. त्यातून पोप एक निवडतात. आणखी नावं मागवूही शकतात."

"म्हंजे आधी गावाचं व्हतं," माणिकराव म्हणाले, "मग राजाचं झालं, आता दिल्लीचं."

"रोमचं."

"एकच की. आपल्याला कोन विचारून राहिलंय?"

मी दादाला विचारलं, "तुला आला होता का तो कागद?"

"ते विचारायचं नसतं, फ्लोरी. आणि सांगायचंही नसतं."

चाकूरला चहाला थांबलो तेव्हा पाहिलं, धपाट्यांचं तेल गाठोड्यातून झिरपून माझ्या पर्सवर आणि तिथून अर्जाच्या लिफाफ्यावर गेलं होतं. गयाबाईंनी पदराने पुसलं, डाग आणखी पसरला. आतल्या दोन्ही प्रती स्वच्छ होत्या, म्हणून मी लिफाफा तसाच ठेवला.

लातूरला एका शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. मुख्य चर्चमध्ये एवढी माणसं मावली नसती. नऊवारीतल्या बाया, कडेवर मुलं, उदगीरकडून आलेले कानडी बोलणारे लोक, सायकलीवर आलेली जोडपी. नवे बिशप विदर्भातले, ठेंगणे, सावळे, पन्नाशीचे. पोपचं नेमणुकीचं पत्र वाचून झाल्यावर ते उंच धरून सगळ्या बाजूंना दाखवलं. सगळ्यांनी "देवाला धन्यवाद" म्हटलं. पूर्वीच्या निवडणुकीतलं लोकांकडे आता एवढंच उरलं आहे. मी मात्र मनापासून म्हटलं. सोळा महिने मीही या माणसाची वाट पाहिली होती.

मग संतांची नावं घेत प्रार्थना सुरू झाली आणि नवे बिशप जमिनीवर पालथे पडले. पूर्ण आडवे, कपाळ टेकून.

"आगं बया," गयाबाई पुटपुटल्या. "एवढा मोठा मानूस. उठवा की कुनीतरी."

उठल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि आलेले बिशप एकेक करून त्यांच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्या वेळी कोणी काही बोलत नाही. हजारभर माणसं गप्प होती. रस्त्यावरच्या रिक्षा तेवढ्या ऐकू येत होत्या. मग दोघांनी शुभवर्तमानाचा उघडा ग्रंथ त्यांच्या डोक्यावर छपरासारखा धरला. नंतर माथ्यावर तेल, बोटात अंगठी, टोपी, हातात काठी. मी दादाकडे पाहिलं. तो धर्मगुरूंच्या रांगेत होता आणि ओठ घट्ट मिटून समोर बघत होता.

विधी संपल्यावर लोक अंगठीचं चुंबन घ्यायला रांगेत लागले. आमच्या पुढे माणिकराव होते. त्यांची पाळी आली, त्यांनी नमस्कार केला आणि फाइल उघडली.

"साहेब, अर्ज हाय. आमच्या गावाचा. सह्या आन अंगठे सगळ्या घरचे हायेत, कोन्या जातीचं घर सोडलं न्हाई. फादरची बदली करू नका. आन ही दुसरी प्रत, हिच्यावर पोच द्या."

नवा तहसीलदार रुजू होतो त्या दिवशी पहिला अर्ज द्यायचा, तो लक्षात राहतो, हा त्या भागातला रिवाज. बिशपना आवक-जावक विभाग नसतो हे माणिकरावांना कोणी सांगितलं नव्हतं. शेजारचे फादर हसू दाबत होते. मला हसता आलं नाही, कारण माझ्या हातातही दोन प्रती होत्या, दुसरी पोच घेण्यासाठीच. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मी तेलकट झालेला लिफाफा पुढे केला.

"बिशपस्वामी, मी त्यांची बहीण. माझा अर्ज उलटा आहे."

त्यांनी दोन्ही तिथेच, उभ्या-उभ्या वाचले. मागची रांग खोळंबली. वाचून झाल्यावर त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या दादाला जवळ बोलावलं.

"फादर, तुमचं काय म्हणणं?"

"तुम्ही सांगाल ते," दादा म्हणाला. "दीक्षेच्या वेळी मी आज्ञापालनाचं वचन दिलंय."

"मी आज काही सांगणार नाही. मला दिल्लीहून फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होतो. पोपच्या प्रतिनिधीनं विचारलं, पोपनी तुम्हाला नेमायचं ठरवलंय, तुम्ही हो म्हणता का? मीही म्हणालो, तुम्ही सांगाल ते. ते म्हणाले, असं चालत नाही, हो किंवा नाही म्हणा." त्यांनी दोन्ही अर्ज दादाच्या हातात दिले. "ईस्टरपर्यंत मला लिहा. तुमच्या हातानं. जायचं लिहिलंत तर सही करीन, काही आलं नाही तर तुम्ही आहात तिथेच. गावाचं म्हणणं नको, बहिणीचंही नको."

माणिकरावांनी विचारलं, "आन पोच, साहेब?"

बिशपनी पेन मागून घेतलं आणि त्यांच्या प्रतीवर खरंच सही करून दिली.

संध्याकाळी लातूर स्टेशनवर मला सोडायला तिघंही आले. गयाबाईंनी उरलेले धपाटे माझ्या बॅगेत कोंबले आणि माणिकरावांना घेऊन चहाला गेल्या, मुद्दामच. दादा बाकावर माझ्या शेजारी बसला.

"मी लिहिणार नाही, फ्लोरी."

"मग पाच वर्षं 'येतो, येतो' का म्हणत होतास?"

"म्हणताना खरंच वाटायचं. तुझा फोन आला की घर दिसायचं. ठेवला की इथलं कोणीतरी दारात उभं असायचं." मग म्हणाला, "बिशप नव्हते तेव्हा बरं होतं. दोन्हीकडे राहता येत होतं."

मी त्याला गोळ्यांची पाकिटं दिली, कोणती कधी ते पुन्हा सांगितलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला करून घ्यायचं वचन घेतलं. गाडी आली. ती सुटली तसा तो खिडकीबरोबर थोडं चालला, मग थांबला, कारण बाहेर जीप सुरू ठेवलेली होती.

वसईला येऊन आता तीन आठवडे झाले. कार्यालयातली एक नवी मुलगी राहायला जागा शोधते आहे, आणि माझ्याकडे दादासाठी ठेवलेली मागची खोली रिकामी आहे. दादा शब्दाचा पक्का आहे. लिहिणार नाही म्हणाला म्हणजे लिहिणार नाही, यात मला शंका नाही. मुलीला मी सांगितलं, खोली मिळेल, पण ईस्टरनंतर. तिने कारण विचारलं. रंग द्यायचाय, असं मी सांगितलं.