इराचं दार

किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. तीन माणसं रोज एका टेबलावर डबे उघडून बसली आणि त्यातला एक सावंत असला, की झालं! अंधेरीच्या आमच्या ऑफिसात मी, ग्लोरिया आणि सावंत अकरा वर्षं एकत्र जेवलो. आता सावंत इंदूरला आहे, तरी किस्से थांबलेले नाहीत. उलट वाढलेत!

सुरुवात एका मीटिंगमध्ये झाली. साहेब म्हणाले, "इंदूरला नवीन ब्रांच काढतोय. पगार हाच. तिकडे सगळं स्वस्त. सहा महिने राहून बघा, नाही जमलं तर परत या. ज्यांची इच्छा असेल त्यांनी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत सावंतचा हात वर!

"अरे, घरी विचार तरी!" ग्लोरिया कुजबुजली.

"घरचीच ऑर्डर आहे," सावंत म्हणाला.

ऑर्डर इराची होती. इरा त्याची मुलगी, वय चौदा. जोगेश्वरीच्या भाड्याच्या एका खोलीत सावंत, बायको वैशाली, म्हातारी आई आणि इरा. रागावली की इरा भिंतीकडे तोंड करून बसायची. पण भिंत आजीच्या हाताच्या टप्प्यात! आजी बसल्या जागेवरून पाठीवर हात फिरवायची, की दोन मिनिटांत राग खलास.

एकदा इरा भडकून म्हणाली, "मला या घरात साधं दार आपटता येत नाही! एकच दार आहे, ते आपटलं की मीच बाहेर!"

सावंतनं आम्हाला हे हसत हसतच सांगितलं, पण त्या दिवशी त्याचा डबा अर्धा तसाच राहिला. आतल्या खोलीला दार असलेलं घर बोरिवलीपर्यंत कुठेही त्याच्या पगारात बसत नव्हतं. आमच्याही बसत नव्हतं.

*

घर पसंत केलं ते व्हिडिओ कॉलवर, जेवायच्या सुट्टीत. इंदूरचा एजंट फोन घेऊन खोल्या दाखवत फिरतोय आणि आम्ही दोघी सावंतच्या खांद्यावरून बघतोय. हॉल, किचन, मग एक बेडरूम, दुसरी, तिसरी! आणि भाडं जोगेश्वरीपेक्षा कमी! ग्लोरियानं हातातला घास परत डब्यात ठेवला.

सावंतनं मात्र चेहरा गंभीर केला. "पानी कितने बजे आता है?"

एजंट गोंधळला. "साहब, जब नल खोलोगे तब."

सावंतनं फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "फसवतोय!"

तोच व्हिडिओ त्यानं संध्याकाळी आईला दाखवला. आई मूळची मालवणकडची. तिनं सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "ह्या बाकीच्या खोल्यांत कोण रवता रे?"

*

सामान गेलं. लोखंडी कपाट, सोफा-कम-बेड, भिंतीला लावायचं घडीचं टेबल आणि डबेच डबे. जोगेश्वरीत या सामानातून वाट काढायला अंग चोरून चालावं लागायचं. इंदूरला ते सगळं हॉलच्या एका कोपऱ्यात मावलं!

पहिल्याच दिवशी समोरच्या बाई डोकावल्या. "बाकी सामान कब आएगा?"

वैशाली जराही डगमगली नाही. "पीछे से आ रहा है."

पाच महिने झाले तरी येतच होतं!

*

सगळं झकास चाललं होतं, एक मासे सोडून. सावंत फोनवर ओरडायचा, "माधवी, भाडं कमी, भाजी निम्मी, रिक्षा निम्मी आणि बांगडा दुप्पट! तोही बर्फात आठवडा काढलेला!"

"मग उरतं काय तुला?" मी विचारलं.

"काटे!"

ग्लोरियाचं माहेर खारदांड्याच्या कोळीवाड्यातलं. तिला हे ऐकवेना. तिनं सुके बोंबील सात प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून इंदूरला निघालेल्या एका पाहुण्याबरोबर पाठवले. तिकडे आईनं तव्यावर टाकले मात्र, वॉचमन धावत वर! "अम्माजी, आपके यहाँ कुछ मर गया है क्या?"

आई म्हणाली, "होय रे बाबा, मेलो. पण चवीक बरो आसा!"

*

सहावा महिना लागला तसा सावंतचा फोन जरा कमी आवाजात यायला लागला. जोगेश्वरीच्या मालकांनी खोली सहा महिने भाच्याला दिली होती. "परत येणार की नाही, या महिन्यात सांग," असा त्यांचा निरोप आला होता.

"काय करू गं?" सावंत म्हणाला. "इरानं अजून एकदाही दार आपटलेलं नाही. रागावतच नाही. गप्प हॉलमध्ये बसते. जिच्यासाठी आलो तिलाच आवडलं नसेल तर कसली आली स्वस्ताई?"

मला फार वाईट वाटलं. ग्लोरिया तर लगेच तिकिटं बघायला लागली.

आम्ही दोघी शनिवारी पोचलो. सावंतनं घर दाखवलं. इराच्या खोलीत पलंग, टेबल, खिडकीला पडदा. दार उघडं आणि इरा हॉलमध्ये, आजीला चिकटून.

दुपारी पोहे खाताना वैशाली सहज बोलली, "गणितात किती पडले ते मावशींना सांग की."

इरा ताडकन उठली. "सगळ्यांसमोर कशाला विचारतेस?" तरातरा खोलीत गेली आणि धाडकन! कपाटावरचे डबे खणखणले!

सावंतच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच. मग तो हळूच म्हणाला, "आपटलं!"

"आपटलं रे सावंत्या!" ग्लोरिया ओरडली. वैशालीनं पदरानं डोळे पुसले आणि हसायला लागली. आईनं तर देवाला हात जोडले!

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दार किंचित उघडलं आणि फटीतून इराचं नाक दिसलं.

"मी रागावलेय! कोणी येणार आहे की नाही?"

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिच्यामागे वैशाली, मग पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही दोघी. त्या पलंगावर आम्ही सगळ्या अंग चोरून दाटीवाटीनं बसलो. आईनं इराच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.

सगळ्यात शेवटी सावंत आला. "सरका जरा," म्हणाला आणि त्यानं दार आतून लावून घेतलं.