ठेकेदाराच्या रेतीचा कट्टा

भाईकाका गेल्याचा निरोप मला अंधेरीच्या ऑफिसात मिळाला, आणि मी मुलुंडला पोचलो तेव्हा त्याच्या उशाशी भांडण चाललं होतं. हे वाचून ज्यांना वाईट वाटलं त्यांनी भाईकाकाला पाहिलेलं नाही. भांडणाशिवाय तो घराबाहेर पडला असता तर आम्हालाच ते खरं वाटलं नसतं. दाखला लिहायला आलेल्या तरुण डॉक्टरांनी धंदा काय होता म्हणून विचारलं. शेजारच्यांनी सांगितलं, कांजूरमार्गला ब्लास्टिंगची शेड आहे, हवेच्या जोरावर दाणे मारून लोखंडावरचा गंज आणि जुना रंग उडवतात. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, मग छातीचंच असणार, या कामात फुफ्फुसं... वाक्य पुरं झालं नाही. भिंतीला टेकून रडत असलेली काकी उठली, खिडकीपाशी गेली, तिथे तारेवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेल्या काळ्या फिल्म्समधली एक तिने काढली आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली.

"हा मागच्या दसऱ्याचा," ती म्हणाली. "ह्यात काय दिसतं ते सांगा आधी. सकाळी चहा घेताना कळ आली आणि गेले. हृदय बंद पडलं असं लिहा. फुफ्फुसाचं नाव काढायचं नाही."

डॉक्टरांनी एक्स-रे बराच वेळ पाहिला, काकीने पुढे केलेले दवाखान्याचे कागदही चाळले, आणि हृदय बंद पडलं असं लिहिलं. मग काकी भिंतीशी जाऊन बसली आणि उरलेलं रडली.

हा लेख हळवा व्हायला नको म्हणून मी ही सुरुवात मुद्दाम केली आहे. घरात कोणी गेलं की चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे येतं, कारण मला दुसरं काही येत नाही हे कुटुंबात सर्वमान्य आहे. भाईकाका म्हणायचा, "ह्याच्या हातात पेन द्या नायतर लाटणं, दोन्ही गोल फिरवतो." तर आज सरळ लिहायचा प्रयत्न करतो.

भाईकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आमचे अण्णा आणि तो, दोघे गावाहून आले आणि एकाच यार्डात ब्लास्टिंगला लागले. तिथे रेतीने काम चाले. रेती स्वस्त, हवी तेवढी मिळणारी, आणि लोखंडावर मारली की दहा वर्षांचा गंज दहा मिनिटांत उडवणारी. फक्त एक गोष्ट होती. आपटली की रेती फुटते. तिचं पीठ होतं, पिठाहून बारीक धूळ होते आणि ती माणसाच्या आत जाऊन बसते, पुन्हा बाहेर येत नाही. तोंडाला ओला पंचा बांधून अण्णांनी वर्षानुवर्षं ते काम केलं. मग त्यांना खोकला लागला, जिना चढेना. डॉक्टर क्षय म्हणाले, क्षयाची औषधं झाली, आणि अण्णा गेले. क्षय म्हणायची लाज, म्हणून आईने सगळ्यांना न्यूमोनिया सांगितलं. आम्ही भावंडं ते पाठ करूनच मोठी झालो. एकटा भाईकाका ते म्हणायला तयार नव्हता. अण्णांच्या शेवटच्या एक्स-रेवर मूठभर रेती फेकल्यासारखे पांढरे ठिपके होते. त्याने तो ट्रंकेतून काढून स्वतःकडे ठेवला. थोड्या वर्षांनी त्याने कांजूरला स्वतःचा गाळा घेतला तेव्हा दारात नारळ फोडायच्या आधी नियम सांगितला: ह्या शेडीत रेती येणार नाही.

रेती नाही तर मग काय, हे तो आल्यागेल्याला स्वयंपाकघराच्या भाषेत समजावायचा. तवा विटेने घासाल, पण देवाचं ताम्हण विटेने घासाल काय? तिथे चिंच लागते ना? तसंच हे. गंजक्या जाड लोखंडाला पोलादाचे कोनाकोनांचे तुटके दाणे. ते चावतात, पृष्ठभाग खरबरीत करतात, मग रंग धरून बसतो. नुसती खपली पाडायची आणि अंगाला थोडा घट्टपणा आणायचा तर मोहरीएवढे गोल छर्रे. स्कूटरच्या इंजिनाची ॲल्युमिनियमची झाकणं आली तर पोलाद लांब ठेवायचं, कारण त्याचे कण रुतून बसतात आणि पुढे तिथे गंजाचे ठिपके उठतात; त्याला साखरेएवढे काचेचे मणी. आणि तेलकट नाजूक भाग असेल, वरचं किटण जायला हवं पण खालच्या धातूला ओरखडा नको, तर नारळाच्या करवंटीचा भुगा. त्यामुळे आमच्या खानदानात करवंटी टाकणं बंद झालं. लग्नकार्यात आचाऱ्यामागे पोतं घेऊन उभा राहायचं काम माझं. अख्ख्या मुलुंडमध्ये करवंट्या मागत फिरणारा बँकेतला पदवीधर कारकून मीच असेन. पावसाळ्यात दमट हवेने पोलादाच्या दाण्यांची चिक्की व्हायची. मग शेडीतली पोरं मोठ्या कढईत ते पोह्यांसारखे परतत बसायची आणि भाईकाका बाजूला उभा राहून सांगायचा, "करपवू नका रे."

दसऱ्याची पद्धत मात्र त्याची स्वतःची. सगळ्या कारखान्यांत त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ आणि हळदकुंकू होतं. भाईकाकाच्या शेडीत कॉम्प्रेसर, नळी आणि तोंडावर घालायचं टोपडं, ज्यात बाहेरून स्वच्छ हवा येते, यांच्या शेजारी सगळ्या कामगारांच्या छातीचे एक्स-रे मांडले जायचे. आपल्या धंद्यातलं पहिलं हत्यार छाती, असं तो म्हणे. नवरात्रात तो सगळ्यांना धुतलेले शर्ट घालून नाक्यावरच्या एक्स-रेवाल्याकडे न्यायचा, फोटो स्टुडिओत वरात न्यावी तसा. पहिल्या वर्षी एक्स-रेवाल्याने विचारलं, कोणाला काय झालंय? भाईकाका म्हणाला, काही नाही झालं, म्हणूनच आलोय. मी रविवारी हिशेबाला जायचो, तेवढ्यावर मलाही नेलं. माझ्या फिल्मवर डाव्या बाजूला बनियनची सेफ्टी पिन आली. पुढे पाहुण्यांना तो ती आवर्जून दाखवायचा. "हा आमचा कारकून. छाती चांगली, पिन तेवढी अडकलीय." पूजा झाली की फिल्म्स मुलुंडच्या घरी येत आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीत वर्षभर लटकत. दुसऱ्यांकडे भिंतीवर मुलांची प्रमाणपत्रं, आमच्याकडे बरगड्या. त्या काळ्याभोर फिल्म्सच्या रांगेत पहिली, ठिपक्याठिपक्यांची, अण्णांची.

तिच्यावरूनच आमच्या घरात महाभारत झालं. माझी धाकटी बहीण नलू, तिला बघायला मंडळी येणार होती, आणि भाईकाकाची खोली मोठी म्हणून कार्यक्रम तिथे ठरला. आईने मला पुढे केलं, तुझं तोंड चालतं, जा आणि त्याला सांग की एक दिवस ते सापळे काढून ठेव. मी गेलो. चहा पिऊन परत आलो. कार्यक्रमाच्या दिवशी मुलाचे वडील पोह्यांची बशी हातात घेऊन खिडकीकडे बघतच राहिले. घरात कोणाला काही आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. आईने पदर सारखा केला, न्यूमोनिया तिच्या ओठांवर आलाच होता. त्याआधी भाईकाका उठला आणि बोट लावून म्हणाला, "हा मुलीच्या बापाचा. क्षय नाय. रेती."

बशी तशीच राहिली, मंडळी गेली. आई त्यानंतर भाईकाकाशी वर्षानुवर्षं बोलली नाही. समोर आला तरी माझ्यामार्फत बोले, त्याला सांग पाणी प्यायला. माझ्या भावाला रोग झाला नव्हता, त्याला रेती खायला घातली गेली, हे मी लपवू? असं तो मला म्हणाला होता. मी ते आईला सांगितलं नाही. निरोप्याने सगळेच निरोप पोचवायचे नसतात. नलू पुढे विक्रोळीला दिली. तिचे सासरे फिटर. त्यांनी तीच फिल्म पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि एवढंच विचारलं की आता इथे कोणी रेती वापरत नाही ना? मग दुसऱ्यांदा पोहे मागितले.

रेती दारात यायची होतीच. मधल्या एका वर्षी काम पार आटलं होतं. शेडीत मांडववाल्यांच्या गंजक्या घडीच्या खुर्च्या साफ करत होतो, ही आमची अवस्था. तेव्हा टाक्या रंगवणारा एक मोठा ठेकेदार आला. काम भरपूर, वर्षभर पुरेल एवढं, पण रेतीनेच, कारण त्याला घाई होती आणि रेती स्वस्त. भाईकाकाने नाही म्हटलं. ठेकेदार हसला आणि दुसऱ्या दिवशी रेतीचा ट्रक पाठवून दिला. म्हातारा दारात माल बघून वाकेल, असा हिशेब असणार. ट्रकवाल्याने ढीग शेडीच्या तोंडाशी ओतला आणि निघून गेला. सगळे ढिगाकडे बघत उभे. शंकर, शेडीतला सर्वात जुना माणूस, त्याला घरी तीन पोरं; तोसुद्धा म्हणाला, भाई, एवढं एक काम करू, मग बंद. भाईकाकाने सिमेंटच्या गोण्या मागवल्या आणि गवंडी बोलावला. त्या रेतीचा शेडीच्या दाराशी लांबरुंद कट्टा बांधून घेतला. म्हणाला, "रेतीचा दोष नाय रे. बसली की बरी, उडाली की वाईट." ठेकेदाराने माल परत मागितला तेव्हा त्याला सांगितलं, कट्टा उचलून न्या. ते वर्ष आम्ही खुर्च्यांवर काढलं. काढलं, एवढं खरं. पोरं दुपारचा डबा त्या कट्ट्यावर बसून खायची आणि सगळ्यांच्या फिल्म्स पुढच्या दसऱ्यालाही काळ्या, बिनठिपक्यांच्या आल्या.

भाईकाका गेला तो भाद्रपदात. भावकीतल्या मोठ्यांनी सांगितलं, वर्षभर सण नाही, यंदा शेडीत पूजा नको. काकी म्हणाली, यंत्राला सुतक नसतं. एक्स-रेवाल्याकडची वरात या वर्षी ती घेऊन गेली. दसऱ्याच्या सकाळी मी कांजूरला पोचलो तर काकीबरोबर आई आली होती. एवढ्या वर्षांत आईने त्या शेडीचा उंबरा ओलांडला नव्हता. ती आत आली नाही, दाराशी उभी राहिली. आतमध्ये झेंडूच्या माळांत फिल्म्स मांडल्या होत्या, अण्णांची पहिली, तिला लागून भाईकाकाची.

ठेकेदार त्याच वेळी यावा, हे मी गोष्टीसाठी रचलेलं नाही. तो सांत्वनाला आला, कट्ट्यावर बसला, रुमालाने मान पुसली. माणूस भला होता म्हणाला, थोडा हट्टी. मग शंकरकडे वळून हळू आवाजात म्हणाला की आता व्यवहाराने बघा, रेतीचा एक ट्रक उद्या पाठवतो. शंकर नळीला माळ बांधत राहिला. बोलणं बदलायचं म्हणून ठेकेदाराने आत पाहिलं आणि पहिल्या फिल्मकडे बोट केलं. हा एक्स-रे खराब आलाय वाटतं?

मी तोंड उघडलं. सवयीने न्यूमोनियाच आला असता. माझ्याआधी आई बोलली.

"खराब नाय आलेला. आमच्या ह्यांचा आहे. क्षय नव्हता. रेती होती."

आवाज चढला नव्हता. भाव सांगावा तसं सांगितलं तिने. ठेकेदार उठून उभा राहिला. काकी त्याच्या हातावर पेढा ठेवत म्हणाली, बसा की, तुमच्याच रेतीचा आहे कट्टा. तो बसला नाही. शंकरला म्हणाला, मग काय ठरलं?

पूजेनंतर मशीन एकदा चालवायची पद्धत आहे. शंकरने कुंकू लावलेलं टोपडं डोक्यावर चढवलं, पोलादाचे दाणे भरले आणि कॉम्प्रेसर सुरू केला. त्यानंतर ठेकेदार काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही. त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आई बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि आवाज थांबला तरी ती उठायला तयार नव्हती.