मक्याचा पाव आणि माझी सही

ज्ञानू लांगरी गेला ही बातमी मला कोरेगावच्या बाजारात कळली. मी मिरच्या बघत होतो. आमच्या गावचा न्हावी रामा गर्दीतनं वाट काढत आला आणि म्हणाला, "तात्या, घरला चला. ज्ञानू न्हाई ऱ्हायला." मी हातातली मिरची मोडली, वास घेतला, व्यापाऱ्याला म्हणालो, ही गेल्या सालची आहे, नको. मग रामाला म्हणालो, चल. एवढंच. आज पाच आठवडे झाले तरी ती मोडलेली मिरची डोळ्यापुढनं हलत नाही. भावकीतला माणूस, बांधाला बांध, आणि तो मेल्याचं कानावर पडताना मी मिरचीची पारख करत होतो.

पण हे लिहायचं कारण वेगळं आहे. तेरावं झाल्यावर आमच्या शाळेच्या गुरुजींनी वर्तमानपत्राच्या ह्याच पुरवणीत चार ओळी छापून आणल्या. त्यात लिहिलंय, कैलासवासी ज्ञानदेव हे सर्व गावाचे लाडके होते आणि त्यांचा मक्याचा पाव गाव आवडीने खात असे. नातवानं ते मला वाचून दाखवलं. तेराव्याच्या जेवणालाही हेच. द्रोणातली खीर भुरकत एकेक जण म्हणत होता, "काय हात हुता गड्या त्येचा!" ज्या हाताचं पाणी चार वर्षं कुणी घेतलं नाही, त्या हाताचं कौतुक चाललं होतं, मिशांना खीर लागलेली. मी पुढ्यातलं ताट सारलं आणि उठलो. मी तिसऱ्या बुकापर्यंत शिकलोय, माझ्या लिहिण्यात चुका असतील. त्या संपादकांनी सुधाराव्यात. मजकूर सुधारू नये.

ज्ञानू पलटणीत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. गेल्या लढाईत त्याची पलटण इटलीत गेली. लढाई संपली, तो पेन्शन घेऊन घरी आला, तेव्हा दुसऱ्यांनी घड्याळं आणली, कांबळी आणली. ह्यानं काय आणलं, तर एका रुमालात गाठ मारून वाळकं पीठ. ओल्या भिंतीचे पोपडे असावेत तसं दिसत होतं. म्हणाला, तिकडं डोंगरातल्या एका म्हातारीनं दिलं. ती मका दळायची, आंबवायची आणि दगडी भट्टीत त्याचा पाव भाजायची. "तात्या, तिचं हात बगून मला आयची सय आली. शेतकरीच हायती वो ती पन." मी म्हणालो, असतील, आपल्याला काय त्याचं.

त्यानं ते पोपडे कोमट पाण्यात भिजवले, त्यात मक्याचं पीठ कालवलं आणि एका चिनी मातीच्या बरणीत ठेवलं. रोज मूठभर पीठ, रोज घोटभर पाणी. आठ दिवसांनी मला बोलावून झाकण काढलं. आत राखाडी, बुडबुड्यांचं, हळूहळू वर येणारं काहीतरी होतं. बैलाच्या खांद्याला आवाळू होऊन फुटावं तसं. वास तर असा की माझं नाक आपोआप फिरलं. म्हणालो, "ज्ञानू, ही घान गुरांस्नी बी घालू नगंस."

तो हसला. "तात्या, उनाळ्यात वाटीवर वाटी आंबील पिता, ती काय ताजी आसती?"

"आंबील आपली हाय."

"मग ही बी आता आपलीच. हितल्या हिरीचं पानी पाजलंय म्या तिला."

त्या सालात ज्वारी मिळत नव्हती. रेशनच्या दुकानात परदेशी मका यायचा, कुबट, किड्यांनी पोखरलेला. पोतं उघडलं की किडे हातावर चढायचे. आमच्या बायका त्या पिठाची भाकरी थापायला बसायच्या, ती परातीतच चिरफाळायची, तव्यावर टाकली की तुकडे. पोरं रडायची. खाऊन पोट दुखायचं. सगळं गाव त्या मक्याला शिव्या देत होतं आणि त्याच मक्यातनं ज्ञानू पाव काढत होता. पद्धत मी पाहिली आहे म्हणून सांगतो. पीठ आधी कढत पाण्यात उकडून घ्यायचा, निवलं की मूठभर कणीक आणि बरणीतलं आंबवण घालून मळायचा, आणि रात्रभर घोंगड्याखाली ठेवायचा. त्याच्या उसाच्या फडाशेजारी गुऱ्हाळ होतं. गुळाची काहील उतरली की खालचं चुलवण तापलेलं असतं. तो विस्तव ओढून काढायचा, तेलाच्या डब्याचे कापून केलेले पत्रे हळदीच्या पानांनी आतनं मढवायचा, त्यात पीठ घालून आत सारायचा आणि चुलवणाचं तोंड ओल्या पोत्यानं न् चिखलानं लिंपून टाकायचा. हंगाम नसला की चिपाडं पेटवून तेच. हळदीची पानं त्याच्या बायकोच्या, सरसाबाईच्या माहेरनं, इस्लामपूरकडनं यायची, पुढं तिनं परड्यातच हळद लावली. चुलवणाचं तोंड फोडलं की जो वास यायचा... तो मी इथं लिहीत नाही. लिहिता येत नाही.

गावानं काय केलं ते गुरुजी विसरले, मी विसरलो नाही. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ज्ञानूनं पहिल्या दिवशी पाटी भरून पाव चावडीवर आणला, म्हणाला, घ्या, पोरांस्नी मऊ लागंल. एकानं हात लावला नाही. कुणी म्हणालं, ह्यात ताडी असते. कुणी म्हणालं, इटलीत हा कुणाकुणाच्या ताटात जेवलाय कुणाला ठाऊक. पाटी तशीच घरी गेली. मग भैरोबाच्या जत्रेची पंगत बसली. ज्ञानू त्याच्या नेहमीच्या जागी बसला, तर शेजारचे दोघं ताट उचलून पलीकडं गेले. वाढपी त्याच्यापाशी येऊन पातेलं वरच धरून उभा राहिला.  ज्ञानू उठला, धोतर झटकलं आणि चालत गेला. त्याच्या उजव्या हाताला मी बसलो होतो. मी जेवत राहिलो. पुरणपोळी होती.

आता पुढचं. हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, ह्या पुरवणीतनंच कळेल. माझे दात त्या वर्षात गेले. वरचे दोन राहिले, तेही हलते. मक्याची ती खरबरीत भाकरी मला चावेना, नुसती आमटी पिऊन दिवस काढत होतो, आणि दात गेलेत म्हणून भाकरी कुस्करून द्या असं सुनेपुढं म्हणायला जीभ रेटत नव्हती. एका सकाळी मी बांधावर बसलो होतो. ज्ञानू आला, पावाचा एक तुकडा हळदीच्या पानात गुंडाळून बांधाच्या दगडावर ठेवला आणि निघून गेला. मी चहूकडं पाहिलं. दुधात बुडवायचीही गरज पडली नाही, तोंडात घातला की विरघळला, आंबूसगोड. तेव्हापासून सोमवारी आणि शुक्रवारी, भट्टीच्या दिवशी, दगडावर पान असायचं. मी खायचो, पान मातीत पुरायचो, मिशा पुसायचो. आणि चावडीवर ज्ञानूच्या पावाचा विषय निघाला की सगळ्यांच्या आधी मी थुंकायचो.

असं वरीसभर चाललं. मग कुणीतरी ठाण्यावर कळवलं की लांगरी हातभट्टीची दारू गाळतो, बरण्या भरून आंबवण घरात आहे. दारूबंदीचे दिवस, हवालदार दोन शिपाई घेऊन आला. पंच पाहिजे होते. माझ्या वयाच्या माणसांत सही करणारे आम्ही दोघंच, गुरव आणि मी. मी मोडीत सही करतो, झोकदार. हवालदार मला म्हणाला, "तात्यासाहेब, तुमच्यासारखा जाणता माणूस हवा." मी पटका नीट करून गेलो. ज्ञानूच्या सोप्यात सगळं गाव जमलं होतं. बरणी मधोमध ठेवली, झाकण काढलं. लोकांनी नाकाला धोतराचे सोगे लावले. हवालदार वाकला आणि तोंड वाकडं करून मागं सरला. म्हणाला, "काय तात्यासाहेब, वास कशाचा?"

मी म्हणालो, "आंबूस हाय."

"दारूसारखा?"

तेव्हा ज्ञानू माझ्याकडं बघून बोलला. ओरडला नाही, हात जोडले नाहीत. "तात्या, तुमी सांगा. तुमास्नी ठावं हाय ह्ये काय हाय त्ये."

मला ठाऊक होतं. तीन दिवसांपूर्वीच मी त्याच बरणीतला पाव खाल्ला होता. पण मला कसं ठाऊक ते सांगायचं झालं असतं तर सगळ्या गावासमोर म्हणावं लागलं असतं, की मी वरीसभर चोरून खातोय. मग जत्रेच्या पंगतीत माझ्या शेजारची ताटं उठली असती... मी खाकरलो. म्हणालो, "माजं काम सही करायचं हाय. वास सरकारनं वळखावा." हवालदारानं लिहिलं, आंबट दारूसारखा उग्र वास येत असून पंचांनी खात्री केली. मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मी बोरू घेतला आणि सही केली. त्या दिवशी सही नेहमीपेक्षा चांगली आली.

नमुन्याची बाटली भरून घेतली आणि उरलेलं शिपायानं उकिरड्यावर ओतलं. गावातलं एक खरजुलं कुत्रं आलं, हुंगलं, चाटायला लागलं. लोक हसले. ज्ञानूला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वरचा साहेब आला, त्यानं बाटली हुंगली आणि म्हणाला, ह्या आंबलेल्या पिठाला दारू म्हणणारे पंच कोण? सोडून दिलं. ज्ञानू चालत घरी आला. रुमालाच्या शिवणीत थोडे पोपडे अडकून राहिले होते, शेवटचे. तेच भिजवून त्यानं बरणी पुन्हा धरली.

आणि पुढच्या सोमवारी दगडावर पान होतं.

त्याचा मला जो राग आला तो सांगता येत नाही. त्यानं शिवी दिली असती, माझा बांध फोडला असता, मी त्याला उत्तर दिलं असतं. त्यानं पाव ठेवला. मी हात लावला नाही. ऊन चढलं तशा मुंग्या आल्या, काळी रांगच्या रांग, पानात शिरली. मी बसून पाहिलं. शुक्रवारी पुन्हा पान, पुन्हा मुंग्या. दोन वर्षं. मी आमट्या पीत राहिलो, सदरे ढगळ झाले, पण तुकडा उचलला नाही. तो तुकडा उचलायचा म्हणजे आधी त्याच्याशी बोलावं लागणार होतं. शेवटचा भेटला तोही तिथंच. खोकत होता, छातीला फडकं बांधलेलं. म्हणाला, "तात्या, आजचा लय मऊ झालाय." मी पाठ फिरवली. पंधरा दिवसांत गेला.

बाजारातनं मी पोचलो तेव्हा मंडळी तिरडी बांधत होती. जाळून आलो. आमच्यात मयत झालं की घरातलं शिजलेलं, साठवलेलं काही ठेवत नाहीत. पाण्याच्या घागरी, दही, ताक, सगळं बाहेर ओततात. भावकीत वडील मी, म्हणून मी ओट्यावर बसलो होतो आणि बायका एकेक भांडं बाहेर काढत होत्या. सगळ्यात शेवटी सरसाबाई ती बरणी घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली. "तात्या, हिचं काय करू?"

आजूबाजूला भावकी बसलेली. सगळे माझ्याकडं बघत होते. आंबवण फुगून झाकण जरासं उचललं गेलं होतं आणि वास येत होता. मी म्हणालो, "रीतच हाय. वता."

ती गेली, त्याच उकिरड्यावर ओतून आली, बरणी धुतली, भिंतीला पालथी घातली. मग पदरानं हात पुसत, खाली बघत म्हणाली, "त्येंनी सांगितलं हुतं. म्हनले, बरनी तात्यास्नी इचारल्याबिगर वतू नगं. त्येंस्नीच तिची गरज हाय."

मी ओट्यावरनं उठलो. घरी आलो.

तर पंच म्हणून माझं म्हणणं लिहून घ्यावं. वास दारूचा नव्हता. मी तो पाव वरीसभर खाल्ला होता, मला खात्री होती. ज्ञानू गावाचा लाडका नव्हता, गावानं त्याला पंगतीतनं उठवलं आणि मी सहीनं पाडलं. खीर भुरकणाऱ्यांनी त्याचं नाव तोंडात घेऊ नये. मीही घेऊ नये, पण कुणीतरी खरं सांगितलं पाहिजे. बांधाच्या दगडावर हळदीच्या पानाचा पिवळा डाग अजून आहे. सोमवारी मुंग्या येतात, डागावरनं फिरतात आणि परत जातात.

चार दिवसांमागं मी सरसाबाईकडनं ती बरणी मागून आणली. आत मक्याचं पीठ कालवलं, हिरीचं पाणी घातलं. पण पोपडे आता कुठले? नुसतं सडलंय. वर हिरवी बुरशी धरली आहे आणि खरंच घाण येते, त्या वासाशी ह्याचं काही नातं नाही. मी रोज मूठभर पीठ घालतो, घोटभर पाणी घालतो आणि तोंड फिरवून ओकारी गिळतो. सून नाकाला पदर लावून आत-बाहेर करते. बायको सकाळ-संध्याकाळ म्हणते, आवं, वता की ती घान! मी तिला एकच सांगितलंय. मला विचारल्याशिवाय ह्या बरणीला कुणी हात लावायचा नाही.