आतली कडी

मोशीच्या पुलाखाली आमची संस्था दर रविवारी चित्रकलेचा वर्ग घेते. तिथेच लेकीला घेऊन राहणारी एक बाई आधी हात पदराला पुसते, मगच कागद मागते. मी तिच्या लेकीसारखी, तरी मला ‘मॅडम’ म्हणते. तसं म्हणू नका, हे सांगायला मला अजून जमलेलं नाही.

‘माझं घर’ या विषयावर तिने नुसती दाराची कडी काढली, आतून लावलेली.

“आणि घर?” मी विचारलं.

“पोरगी मोठी झाली, मॅडम. रातच्याला आतून कडी लावता आली, की झालं.”

चाकणच्या एका कंपनीत आमचं प्रदर्शन भरलं, त्यात ते चित्र लावलं. पुढच्या रविवारी तिने विचारलं, “सायबांनी बघितलं का?”

“हो. खूप आवडलं त्यांना.”

“मग?”

मी पुढच्या रांगेत कागद वाटायला गेले.