करारावरचं पूर्ण नाव

"मॅडम, तेवढं आडनावाचं पान काढून टाका. बाकी पुस्तक एकदम सुपर आहे," मिलिंद म्हणाला.

मिलिंद आमचा मार्केटिंग मॅनेजर. मी संपादक. गिरगावातल्या एका प्रकाशन संस्थेत माझी हयात गेली. संपादकाचं काम म्हणजे लेखकाने लिहिलेलं वाचायचं, कुठे सैल आहे ते सांगायचं आणि मग लेखक व मार्केटिंग यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडची बोलणी खायची.

टेबलावर प्रणालीच्या पहिल्या कादंबरीचं प्रिंटआउट होतं. आमच्या भाषेत हे 'यंग अ‍ॅडल्ट' पुस्तक. म्हणजे कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलामुलींसाठी आणि विषय बहुतेक वेळा एकच, पहिलं प्रेम. ही पुस्तकं आमच्याकडे भराभर खपतात. मला त्यांचं फार कौतुक नव्हतं. समुद्र, चॅटिंग, रुसवा, पुन्हा चॅटिंग. यात वाचण्यासारखं काय असतं, हे मला कळत नसे.

प्रणालीचंही सुरुवातीला असंच होतं. वरळीच्या चाळीतली, बौद्ध घरातली मुलगी. लालबागचा मालवणी मुलगा. दोघं एकाच क्लासला. बोलणं वाढतं, तो तिला एकदा घरी नेतो. त्याची आई हसतमुख. चहा टाकायला उठते आणि जाता जाता विचारते, "पूर्ण नाव काय गो तुझं?" मुलगी सांगते. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव.

आई म्हणते, "अस्सं."

बास. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चहा येतो, बिस्किटंसुद्धा येतात. पण त्या दिवसानंतर मुलाचे मेसेज कमी होत जातात आणि कादंबरी संपते. आडनावावरून जात काढायची आपल्याकडे किती जुनी सवय आहे, हे मी कुणाला समजावून सांगायला नको. एका 'अस्सं'मध्ये तिने ते सगळं बसवलं होतं. मी ते पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

मिलिंदला नेमकं तेच पान नको होतं.

"आपण टेस्ट रीडिंग करू," मी म्हटलं. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचायला द्यायचं आणि गप्प बसून ऐकायचं. दादरच्या एका कॉलेजातल्या पाच-सहा मुलींना कादंबरी दिली, आठवड्याने ऑफिसला बोलावलं. खालून वडे मागवले.

"तुम्हाला ही लव्हस्टोरीची पुस्तकं एवढी का आवडतात गं?" मी सरळच विचारलं.

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मग सानिका नावाची, लालबागचीच मुलगी बोलली. "मॅम, घरी सगळे आम्हाला विचारतच असतात. किती टक्के मिळाले, कुठे चाललीस, कोणाचा फोन होता. ह्या बुकमध्ये कोणीतरी असं विचारतं, की तुला काय वाटतं? बस, त्याच्यासाठी वाचतो आम्ही."

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ते 'अस्सं'वालं पान? ते खटकलं का?" मिलिंदने विचारलं.

सानिकाने हातातल्या वड्याचा तुकडा मोडला. "माझी आई सेम असंच बोलते. माझ्या फ्रेंडला बोलली होती."

"मग काय झालं?"

"काय नाय. ती परत आली नाय घरी."

मला वाटलं, जिंकलो. पण मुली गेल्यावर मिलिंद म्हणाला, "मॅडम, वाचतात मुली, पैसे देतात त्यांच्या आया. प्रदर्शनात आई पुस्तक उचलणार, चाळणार. नेमकं ते पान उघडलं तर?"

"तर काय?"

"तर म्हणेल अस्सं आणि ठेवून देईल."

मिलिंद वाईट माणूस नाही. त्याला बाजार कळतो, हीच पंचाईत आहे.

मी प्रणालीला फोन लावला. ती वरळीला एका क्लासमध्ये शिकवते. कादंबरी पाठवताना तिने फक्त 'प्रणाली' एवढंच नाव लिहिलं होतं. सगळं ऐकून घेतलं तिने.

"मॅडम, ते पान काढलं तर तो मुलगा तिला का सोडतो ते कळणारच नाही. वाचणारीला वाटेल, हिचंच काहीतरी चुकलं असेल. मला खूप दिवस तसंच वाटत होतं."

तेव्हा मला कळलं की ही कादंबरी तिने कुठून आणली आहे. आता माघार घ्यायची नाही, असं मी ठरवलं आणि आमच्या मालकांच्या केबिनमध्ये शिरले.

सरांना सगळा गिरगाव सुधारकी विचारांचा माणूस म्हणून ओळखतो. भाषणं चांगली करतात. हस्तलिखितं मात्र वाचत नाहीत. मी एका पानाचा सारांश करून देते, तो वाचतात आणि करारावर सही करतात. मी तावातावाने बाजू मांडली.

"जयश्रीबाई, ठेवा तो सीन," सर म्हणाले. "आपण कुणाला घाबरतो का? बोलवा त्या मुलीला. लगेच करार करून टाकू."

बाहेर येऊन मिलिंदला सांगितलं, त्याने खांदे उडवले. मी हवेत होते.

प्रणाली आली ती नवा कुर्ता घालून. "आई पेढे आणून बसलीय मॅडम," ती जिन्यातच म्हणाली. "मी फोन केला की चाळीत वाटणार." सरांनी उठून तिचं स्वागत केलं. "अहो, केवढ्याशा आहात तुम्ही! इतक्या लहान वयात एवढं लिहिलंत!" त्यांनी कराराचा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं.

"हं, करारासाठी पूर्ण नाव सांगा."

प्रणालीने सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते मी इथे देत नाही. दिलं तर तुम्हीही लगेच मनात काहीतरी ठरवाल.

"अस्सं," सर म्हणाले.

पेनला टोपण लागलं. सरांचा आवाज आधीपेक्षा गोड झाला. "छान, छान. वरळीला राहता ना? चहा घ्या. पुस्तकाचं बघू आपण. जरा पुढच्या सीझनला घेऊ. घाई काय आहे?"

प्रणालीने चहा संपवला. कप नीट बशीत ठेवला, सरांना नमस्कार केला आणि उठली. मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. तिथे ती वळून म्हणाली.

"मॅडम, एक करेक्शन आहे. त्या पानावर 'अस्सं'नंतर मी आईला गप्प ठेवलंय. तिथे एक वाक्य टाका."

"काय?"

"'घाई काय आहे.'"

आणि ती उतरून गेली.

मी तशीच केबिनमध्ये गेले. "सर, हे काय केलंत?"

"बाई, माझं काही नाही हो. पण आता ते एका बाजूचं लिखाण वाटेल. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे सोसायचं हिने आणि लिहायचं दुसऱ्याने?"

"तुम्ही उगाच चिडता." सर मोबाइल बघायला लागले.

पुढचा सीझन आला, त्याच्या पुढचाही आला. त्यात आम्ही पहिल्या प्रेमाच्या दोन कादंबऱ्या काढल्या. त्यांतल्या मुलींना आडनावंच नाहीत. छान खपल्या. मी प्रणालीला दुसऱ्या प्रकाशकांचे नंबर दिले, दोघांशी स्वतः बोललेही. तिने कादंबरी कुठेच पाठवली नाही. "तिकडे पण करार असेलच ना, मॅडम," एवढंच म्हणाली. नंतर तिने माझे फोन घेणं बंद केलं. सानिका अधूनमधून मेसेज करते, "मॅम, ते बुक कधी येणार?"

मी एकच गोष्ट शिकले. हल्ली करार टाइप करताना लेखकाच्या नावाची जागा मी कोरी ठेवते. त्यावर सरांची सही आधी घेते. सर वाचत नाहीत, हे एक बरं आहे. पूर्ण नाव मी नंतर घालते.