साखर सोडली, खारं राहिलं

आम्ही डोळ्यासाठी गेलो होतो. नीराआतेच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनच्या आधी रक्त-लघवी तपासायची म्हणून अलिबागला गेलो, आणि डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून डोळ्याचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, "यांच्या दोन्ही किडन्या मिळून जेमतेम पाव हिश्शानं काम करतायत. कुणीच कसं आणलं नाही यांना आधी?"

मला आधी वाटलं, रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. नाव वाचलं, वय वाचलं, त्रेसष्ट. क्रिएटिनिन दोन पॉइंट दोन. नऊ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे मी, हा आकडा एकच्या आसपास असावा, एवढं मला कळतं.

विश्वास बसणार कसा? अख्ख्या कोळीवाड्यात मधुमेहाचं पथ्य पाळावं तर माझ्या या आत्यानं. चौदा वर्षांपूर्वी साखर निघाली, त्याच दिवशी तिनं साखरेचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला. लग्नात लाडू नाही, नारळी पुनवेला नारळीभात नाही. माझ्या आरोहीच्या बारशाला कुणी पेढा पुढे केला, तर हिनं हात असा झटकला की पेढा गेला भिंतीवर. दर महिन्याला मी तिच्या बोटाला सुई टोचायची, आकडा बरा यायचा, आणि ती वाडाभर सांगत फिरायची, "मना काय होतंय? मी गोडाकडं बघत पन न्हाय."

खरंच बघत नव्हती. खाऱ्याचं मात्र आम्हाला कुणाला सुचलंच नाही.

आतेचा धंदा खाऱ्या मासळीचा. बांगडा, सुरमई चिरायची, मिठात घालायची, मग उन्हात. पण तिचं नाव होतं ते जिभेमुळे. पावसाळ्यासाठी सुकं-खारं भरून ठेवायची घाई सुरू झाली की वाड्यातल्या बायका माणगावच्या बाजारात निघायच्या, आणि निघण्याआधी आपापली टोपली आतेच्या ओटीवर आणायच्या. ती शेपटीजवळचा एक धागा सोलायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची. मग निकाल. "अजून एक ऊन दे." नाहीतर, "मीठ ओतलंस की गं, कोन खाईल?" भातशेतीवाल्या गावांतली गिऱ्हाइकं बाजारात विचारायची, नीराबाईनं चाखलंय ना? सीझनात दिवसाला तीस-चाळीस टोपल्या. आणि चाखलेलं ती कधी थुंकली नाही. दर्यानं दिलेलं तोंडातून टाकायचं नाही, अशी आमच्यात रीतच आहे. शिवाय बिनसाखरेच्या चहाबरोबर सकाळ-संध्याकाळ खाऱ्या बांगड्याचा तुकडा. "गोड गेलं, आता तोंडाला चव नको का?" म्हणायची, आणि आम्ही हसायचो. काय अक्कल आमची!

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर एकशे ऐंशीच्या वर. "याची गोळी चालू आहे?"

"कसली गोळी? मना कधी चक्कर आली न्हाय," आते म्हणाली.

मग बाईंनी तिचे काळे दात बघितले. तंबाखूची मिश्री किती वेळा? दोन वेळा. पाय कधीपासून सुजतात? उभं राहून सुजतात, त्यात काय. आते ठणठणीत आवाजात उत्तरं देत होती. परीक्षेत पहिली येणार असल्यासारखी.

"गुडघ्यासाठी वगैरे काही घेता?"

आतेचा चेहरा खुलला. दिवसभर उकिडवं बसून मासळी चिरणाऱ्या बाईचे गुडघे काय राहणार? तिनं कमरेची चंची सोडली आणि गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "ही. रोज दोन. पाच वर्सं झाली. आमची भाविकाच देते ना, मेडिकलात हाय ती. लई गुन हाय."

बाईंनी पट्टी उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही, आते कळवळली की मी खणातून पट्टी काढून द्यायची. प्रेमानं द्यायची! दुखणं थांबवणारी ती गोळी रोज घेतली की किडनी खाते, मधुमेह्याची तर आधी खाते, हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? खोक्यावरचा कागद मी कधी उलगडला नव्हता इतकंच.

"घरात कुणाला किडनीचा त्रास होता?"

"न्हाय," आते म्हणाली. मीही मान हलवली.

बाईंनी स्पष्ट सांगितलं. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते टिकवायचं, तर या गोळ्या आजपासून बंद, मिश्री बंद, प्रेशरची गोळी रोज, आणि खारं बंद. ऐकलं नाही तर वर्ष-दोन वर्षांत आठवड्यातून तीन वेळा मशीनवर रक्त धुवावं लागेल.

परतीच्या एसटीत नागाव मागे पडलं तेव्हा आते एकदम म्हणाली, "भाविका, दादूचं तोंड शेवटी कसं झालेलं गं?"

दादू माझा बाप, तिचा धाकटा भाऊ. डोळे उघडेनात इतकं तोंड सुजलेलं, पायात चप्पल शिरत नव्हती. साखर त्यालाही होती. होडी उलटली तेव्हा दर्याचं पाणी अंगात भरलं, त्यातच तो गेला, असं आम्ही अकरा वर्षं सांगत आलो. ती सूज किडनीचीच असणार. आणि डॉक्टरसमोर आम्ही दोघींनी नाही म्हटलं होतं.

गुडघ्याची गोळी आतेनं त्याच दिवशी टाकली. रात्र-रात्र पाय चोळत बसायची, पण टाकली. मिश्रीची डबी चुलीत गेली. चाखणं मात्र सोडेना. "जीभ लावली न्हाय तर माझ्याकडं कोन येतंय?" मी समजावलं, रडले, भांडले. निदान थुंक म्हटलं, तर म्हणाली, "दर्या बघतो."

पंधराव्या दिवशी ठमी टोपली घेऊन आली. ही आमची शेजारीण, आतेच्या निकालाशिवाय बाजाराला पाऊल न टाकणारी. आतेनं धागा सोलला, जिभेवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत गिळला. माझा तोल गेला. "मर मग!" मी ओरडले. "मशीनवर झोप, मग कळेल."

आते शांत होती. "माझं सांगतेस. तुझं काय? तुला पन साखर हाय, आरोहीच्या येळी निघाली ती गेलीच न्हाय. तू दादूची पोर. तू मुतलीस का त्या बाटलीत?"

दिवसाला पाच-पन्नास लोकांना औषधं देणारी मी, सहा वर्षांत स्वतःची लघवी एकदा तपासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिली. संध्याकाळी रिपोर्ट आला. लघवीतून प्रोटीन जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवात आहे, वेळेत आलात, रोखता येईल. मला फक्त प्रोटीन जातंय एवढंच ऐकू आलं. छत्तीस वर्षांची आहे मी. आरोही सहाची.

आतेला सांगितलं तेव्हा तिनं बराच वेळ माझा हात धरून ठेवला, सोडेचना. "माझ्या पोरीला पन?" एवढंच म्हणाली, दोनदा.

सकाळी ठमी पुन्हा टोपली घेऊन हजर. आतेनं सवयीनं बांगडा उचलला, शेपटीजवळचा धागा सोलला, तोंडापाशी नेला. मी उंबऱ्यात उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात तिथंच थांबला. मग तो धागा तिनं ठमीच्या हातावर ठेवला.

"आजपासून तूच चाख. मी सांगते कसं ते. आन् चाखून झालं की थुक."

ठमी बघतच राहिली. "थुकू? मासळी?"

"व्हय," आते म्हणाली. "थुक."