दोन टिक आणि खमंग काकडी

मंडळी, घाईघाईने लिहिते आहे.

आज दुपारी आमच्या टूनगॅबी उपनगरात मंडळाचं जेवण होतं. कोणाला काय चालेल ते बघायला मीच लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम केला आहे. चौकटीवर टिक करायची, की चालणाऱ्या पदार्थांची यादी येते. माझी मैत्रीण रश्मी, तिच्या मुलीला, ईराला शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी आहे आणि दूधही चालत नाही. मी ‘शेंगदाणे नाहीत’ आणि ‘दूध नाही’ या दोन्हींवर टिक केली. यादीत खमंग काकडी आली. मी ईराला वाढली.

चमचा तोंडाशी गेला आणि रश्मी किंचाळली, “ईरा, ड्रॉप इट! अगं, यात कूट आहे!”

“बट मावशी सेड इट्स ओके!”

तिने खाल्लं नव्हतं. “जाऊ दे गं, झालं नाही ना काही,” रश्मी म्हणाली, पण मी ईराला दुसरं ताट वाढायला घेतलं, तेव्हा तिने ते माझ्या हातून काढून घेतलं.

घरी येऊन चूक सापडली. दोन्ही अटींत बसणारे पदार्थ दाखवायच्या ऐवजी प्रोग्रॅम कुठल्याही एका अटीत बसणारे दाखवत होता. काकडीत दूध नाही, म्हणून ती आली. तपासताना मी दरवेळी एकच टिक केली होती, तेव्हा सगळं बरोबरच दिसायचं. पण काकडीत कूट असतं हे मला माहीत नव्हतं का? स्क्रीन बघून मी विचार करणंच का थांबवलं?

हाच प्रोग्रॅम मी दुसऱ्या शहरातल्या, वेरिबीच्या मैत्रिणींना दिला आहे. त्यांचं जेवण आज संध्याकाळी आहे आणि कोणीच फोन उचलत नाहीये.

तिथलं कोणी हे वाचतंय का?